किल्ली कोणाकडं? बालहक्क वर्गाच्या नोंदी

ठिकाण: बीड जिल्ह्यातलं ऊसतोड कामगारांचं एक गाव, जिल्हा परिषदेची शाळा. गट: आठवी ते बारावीची मुलं-मुली. वेळ: एक शनिवार आड, सकाळची शाळा सुटल्यावर. सोबतीला कॉलेजात शिकणारे दोघं, एक दादा आणि एक ताई. दोघंही याच गावचे, लहानपणी आई-बापांबरोबर साखर कारखान्यावर कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, राहिलेले.

शनिवार, २९ जून २०२४

"बालहक्क कोणते?" असं विचारायचा अवकाश, आठवीच्या पोरांनी एका सुरात म्हणून दाखवलं: जगण्याचा, संरक्षणाचा, विकासाचा, सहभागाचा. शाळेच्या भिंतीवरच रंगवलंय ते. पावसानं रंग उडून शेवटच्या ओळीत नुसतं 'भागाचा' उरलंय. दादानं विचारलं, "यातला कोणता हक्क या आठवड्यात तुमच्या कामी आला?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मागून एकजण म्हणाला, "भिंतीवरचे हायेत ना ते, दादा."

तक्ते आणि घोषणा बाजूला ठेवायच्या असं आम्ही तिघांनी आधीच ठरवलं होतं. फळ्यावर तीन रकाने आखले: हक्क काय, तो कोण देणं लागतं, नाही दिला तर कुठं जायचं. सुरुवात शाळेतल्या पिण्याच्या पाण्यापासून केली. दुसऱ्या रकान्यात उत्तरं आली ती सरकार, सरपंच, मोठे सर, मोदी. तिसरा रकाना कोराच राहिला. दहावीतल्या एका मुलीनं तिथं 'गप बसायचं' असं लिहिलं, आणि ते पुसू नका म्हणाली.

वर्षभराचं काम त्या तिसऱ्या रकान्याचं. पहिले दोन पुस्तकातही सापडतात.

शनिवार, १३ जुलै

आषाढीमुळं निम्मी घरं पंढरपूरच्या वाटेवर. हजेरी कमी, त्यामुळं आज इतिहास उरकून घेतला. उरकायचाच होता, पण पोरांना त्यातच गोडी लागली.

एग्लंटाइन जेब या ब्रिटिश बाईंची गोष्ट ताईनं सांगितली. पहिलं महायुद्ध संपल्यावर हरलेल्या देशांमधली पोरं उपाशी मरत होती. त्यांची बाजू घेऊन या बाईंनी परवानगी न घेता पत्रकं वाटली, म्हणून १९१९ साली लंडनमध्ये त्यांना अटक झाली, दंडही झाला. मुलांच्या हक्कांचा जिनिव्हा जाहीरनामा आला १९२४ साली, त्यामागं याच बाई. पुढं २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्क संहिता मंजूर केली. कलमं ५४. भारतानं ती ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केली.

"मंग गावात कधी आली?" नववीतला एक. चेष्टेनं विचारलं असेल, पण संहितेचं ४२वं कलम याच प्रश्नावर आहे. ही संहिता मोठ्यांना आणि मुलांना, दोघांनाही माहीत करून देणं सरकारला बंधनकारक आहे. म्हणजे हा वर्ग आम्ही उपकार म्हणून घेत नाही. मुळात तो घ्यायला हवा सरकारनंच, आम्ही फक्त मध्ये आलोय.

परदेशातलं खूळ म्हणून कुणी उडवून लावू नये, यासाठी घरचंही सांगितलं. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं; मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड. त्याच्या कितीतरी आधी, १८५५ साली, फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीनं 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. जिनिव्हाच्या जाहीरनाम्याआधी सत्तर वर्षं एक शाळकरी मुलगी जाहीरपणे जाब विचारत होती. दंडाची गोष्ट मुलांना फार आवडली. आई-बापांना दंड!

शनिवार, २७ जुलै

शिक्षण हक्क कायदा. २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. वय ६ ते १४. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत. नदीपलीकडच्या वस्तीवरच्या पोरांनी मोबाइलवर अंतर मोजून आणलं होतं. नकाशात सरळ रेषेनं बसतं, पायवाटेनं बसत नाही, आणि पावसाळ्यात तर वाटच नसते. ताईनं फळ्यावर लिहिलं: 'अंतर पायांनी मोजायचं.'

मग नववीतल्या एका मुलाच्या ध्यानात आलं, "१४ पर्यंतच? म्हणजे मला शिकायचा हक्क नाय का?" वर्गात गलका. याला चांगलं उत्तर कोणाकडं नाही. कायदा आठवीला थांबतो आणि आमच्याकडं मुलींची शाळा नेमकी तिथूनच सुटायला लागते. फळ्यावर आम्ही हे जसं आहे तसं लिहिलं. कायद्यात भोक असेल तर तेही मुलांना दाखवायचं, रंगवून झाकायचं नाही.

कलम १७ वाचलं: शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हीला मनाई. मागच्या बाकावर एक शिक्षक बसले होते, ते हसले. वर्ग सुटल्यावर म्हणाले, "हक्क शिकवताय, चांगलंय. पण आधी कर्तव्यं शिकवा, नाहीतर पोरं डोक्यावर बसतील."

हे ऐकलं नाही असा एकही गाव नाही. एवढ्या वेळा ऐकलंय की माझं उत्तर आता तयार असतं. एक तर अभ्यास केला नाही म्हणून कुठल्या पोराचा दुपारच्या खिचडीवरचा हक्क जात नाही, आणि उलट उत्तर दिलं म्हणून त्याला मारायचा परवाना मिळत नाही. हक्काला अशी अट कुठल्याच कायद्यात नाही. दुसरं म्हणजे कर्तव्याचंच म्हणाल तर २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीनं शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, त्याच दुरुस्तीनं मूलभूत कर्तव्यांत एक नवं कर्तव्य घातलं: ६ ते १४ वयाच्या मुलाला शिक्षणाची संधी देणं. ते कर्तव्य आहे आई-बापांचं, पालकांचं. सर म्हणाले, "असं का? बघावं लागेल." सर चांगले आहेत. छडी मात्र टेबलाच्या खणात आहे, ती सगळ्या वर्गाला माहीत आहे.

शनिवार, २४ ऑगस्ट

आज राज्यात बंदची हाक होती. काल हायकोर्टानं मनाई केल्यावर मागं घेतली, शाळा भरली. ठरलेला विषय वेगळा होता, तो गुंडाळून ठेवला. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराची बातमी प्रत्येकाच्या मोबाइलवर, आणि पोरी काहीच विचारत नव्हत्या.

मुली ताईकडं, मुलं दादाकडं, वेगवेगळ्या खोल्यांत. दोन्हीकडं पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. २०१२ चा कायदा, मुलगा असो की मुलगी, १८ च्या आतल्या सगळ्यांसाठी. मुलांच्या खोलीत हेच ऐकून शांतता पसरली, असं दादा सांगत होता. आपल्यालाही हा कायदा आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मुलींना सर्वांत जास्त भीती पोलीस ठाण्याची. म्हणून कायदा काय म्हणतो ते एकेक करून सांगितलं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं. अंगावर वर्दी नको. रात्री कुठल्याही कारणानं मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. गुन्हा घडलाय किंवा घडेल असं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे; न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ही शिक्षा मोठ्यांना, मुलांना नाही. "म्हणजे मी नाही सांगितलं तर मला काही होणार नाही, पण मी मॅडमला सांगितलं आणि मॅडम गप्प बसल्या तर मॅडमला होईल?" बरोबर. ही मुलगी वकील व्हायला हवी.

आमच्यासाठीही एक नियम आहे, तो आज पुन्हा घोटून घेतला. मूल म्हणालं, 'ताई, कोणाला सांगणार नसशील तर सांगते,' तर तसा शब्द द्यायचा नाही. 'ज्यांना सांगावंच लागेल त्यांनाच सांगेन, आणि तुला विचारून, तुझ्यासोबत,' एवढंच म्हणायचं.

शासनानं २१ तारखेला शाळांसाठी निर्णय काढलाय. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती, तक्रारपेटी. आमच्या शाळेत पेटी आहे की! ऑफिसच्या दाराशेजारी, पत्र्याची, लाल. मुलं मला घेऊन गेली. खाचेवर कोळ्याचं जाळं. 'गप बसायचं' लिहिणारीनंच विचारलं, "मॅडम, हिची किल्ली कोणाकडं असती?"

किल्ली ऑफिसात, खिळ्याला. तिनं पुढं काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. तिसऱ्या रकान्यात आज पहिल्यांदा खरी ओळ पडली: 'पेटी, पण किल्ली?'

शनिवार, २१ सप्टेंबर

महिन्याच्या सुरुवातीच्या अतिवृष्टीनं सोयाबीन गेलं. दोन खोल्या गळतात, वर्ग व्हरांड्यात. घरोघरी ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची ये-जा सुरू झालीये. पीक गेलं की उचल, म्हणजे तोडीच्या मजुरीची आगाऊ रक्कम, लवकर घेतली जाते. पोरांच्या बोलण्यात सगळं येतं.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी बालसभा घ्यायची, म्हणून मागण्या लिहून काढल्या. यादी मोठी झाली, त्यात क्रिकेटचं मैदानही आलं (संहितेच्या ३१व्या कलमात खेळ आहे, त्यामुळं कोणाला हसता येणार नाही). मतदानानं दोन ठेवल्या. एक, तोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी सुरू व्हावं. गेल्या वर्षी आई-बाप गेल्यावर कितीतरी दिवसांनी सुरू झालं. तोवर पोरं आजीजवळ, नाहीतर सरळ उसाच्या फडात. दुसरी, पेटीची किल्ली.

बुधवार, २ ऑक्टोबर

ग्रामसभा. आठवीतली एक आणि नववीतला एक बोलायला उभे राहिले. वाक्यं पाठ करून घेतली नव्हती, मुद्दाम. संहितेच्या १२व्या कलमात मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क आहे, आमचं पाठ केलेलं म्हणणं ऐकून घेण्याचा नाही.

मुलगी म्हणाली, "गेल्या साली मी माझ्या भावाला घेऊन पंधरा दिवस एकटी झोपले. दाराला आतून पाटा लावून. वसतिगृह वेळेवर चालू करा." बस, एवढंच बोलून खाली बसली.

मागून एक आजोबा: "मोठ्यांच्या मधी पोरांनी बोलायचं नस्तं." सरपंचबाईंनी हातानंच थांबवलं त्यांना. ग्रामसेवक म्हणाले, मागणी रास्त आहे, पंचायत समितीला कळवतो. नववीतला मुलगा पुन्हा उठला, "सर, ठराव लिहून घेतला का? नंबर काय त्याचा?" सभेत हशा पिकला, पण ठराव लिहिला गेला आणि नंबरही पडला. हा प्रश्न दादानं शिकवलेला. वर्षभरातल्या सगळ्या कलमांपेक्षा तो जास्त चालणार, माझी खात्री आहे.

किल्लीचा विषय शाळा व्यवस्थापन समितीकडं ढकलला. समितीत ७५ टक्के पालक असतात हे मुलांना माहीत आहे. कोणाच्या आईला गाठायचं ते बाहेर पडेपर्यंत ठरलंसुद्धा.

शनिवार, १९ ऑक्टोबर

१५ तारखेला आचारसंहिता लागली. ठरावाचं काय झालं विचारायला मुलं पंचायतीत गेली तर उत्तर मिळालं, "आचारसंहिता आहे." चालू योजनेला आचारसंहिता आड येत नाही. मुलांनी अर्ज केला, ठरावाचा नंबर टाकला, पोच घेतली. पोच हा शब्द आता आठवीतल्या पोरांच्याही तोंडी आहे.

शनिवार, १६ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं काल उरकली. आता माणसांची सुरू. बालविवाहावर बोलायचं तर आजच.

आकडे आधी दिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या बायकांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के, आपल्या बीडमध्ये ४३.७ टक्के. कोणालाच नवल वाटलं नाही. ताई म्हणाली, तिच्या दहावीच्या वर्गातल्या मैत्रिणी मोजल्या तर तिला हा आकडा कमीच वाटतो.

कायदा २००६ चा. मुलगी १८, मुलगा २१. लग्न लावणारा, ठरवणारा, लावून देणारे आई-बाप, सगळे गुन्हेगार; दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, १ लाखापर्यंत दंड. लग्न झालंच तर ज्याचं बालपणी झालं त्याला ते कोर्टातून रद्द करून घेता येतं, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत. हे शेवटचं वर्गात कोणीच ऐकलं नव्हतं. गावाचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक, त्याच्या मदतीला अंगणवाडीताई.

ग्रामसेवकांना बोलावलं होतं, ते आले. मुलींनी तोंडावर विचारलं, "सर, तुम्ही आजवर किती लग्नं थांबवली?" ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नोटीस दिली की रात्री शेजारच्या जिल्ह्यात जाऊन लग्न लागतं. अन् मला या गावात रोज यायचंय." भाषणापेक्षा हे बरं. निदान मुलांना कळलं की दुसऱ्या रकान्यातल्या माणसाच्या मागंही माणसं लागतात, आणि म्हणून तिसऱ्या रकान्यात एकच नाव ठेवून भागत नाही.

मग १०९८ या मुलांच्या मदतीच्या फोन नंबरचा सराव. दोन मुली पाठीला पाठ लावून बसल्या, एक फोन करणारी, एक उचलणारी. पहिल्या खेपेला फोन करणारी सगळं सांगून बसली, गाव सांगायचंच विसरली. दुसऱ्यांदा 'ती माझी मैत्रीण आहे' म्हणून रडायलाच लागली. खेळ होता तरी. मग ताईनं पाच गोष्टी वहीत लिहून दिल्या: गाव-तालुका, मुलीचं नाव, अंदाजे वय आणि शाळा, लग्नाची तारीख, मांडव कुठं पडणार. वयाचा पुरावा शाळेच्या निर्गम उताऱ्यातून निघतो, तो आपण मिळवायचा नाही, अधिकारी मिळवतील. आपलं नाव सांगायलाच हवं असं नाही. नुसता नंबर पाठ करून घेणारे पुष्कळ कार्यक्रम मी पाहिलेत. फोन लागल्यावर पहिल्या मिनिटात काय बोलायचं, खरी गोची तिथं असते.

शेवटी अकरावीतल्या मुलानं जे विचारलं त्यावर तासभर गेला. "फोन केला, लग्न थांबलं. मंग तिला ठेवायचं कुठं? तिचे आई-बाप तर तोडीला जाणार." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल जोडीला मिळते, वयात आलेल्या पोरीला गावात एकटी कशी ठेवायची हा घोर, आणि लग्न लावलं की घोरही मिटतो, एक कोयताही वाढतो. हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. उलट त्यांनीच मला हिशेब मांडून दाखवला. बोलता बोलता एकीनं फळ्यावर जाऊन बालविवाहाच्या ओळीपुढं, तिसऱ्या रकान्यात, 'वसतिगृह' लिहिलं.

बुधवार, २० नोव्हेंबर

जागतिक बालदिन. शाळेत मतदान केंद्र, शिक्षक निवडणुकीच्या कामावर, वर्गाला कुलूप. गावातल्या टोळ्या मतदानासाठी थांबल्या होत्या. संध्याकाळी ट्रॅक्टरवर बाजा, पत्रे, शेळ्या चढायला लागल्या. वसतिगृह परवा, सोमवारीच सुरू झालंय. अर्जाची पोच ज्याच्याकडं होती तो गावभर सांगत फिरतोय.

शनिवार, ३० नोव्हेंबर

गट निम्मा. जाणाऱ्यांना शिक्षण हमी कार्ड भरून देऊन पाठवलंय, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येईल. दहावी-बारावीतले तिघं-चौघं मात्र कोयता घ्यायलाच गेले.

त्यावरून बालमजुरी कायद्यावर भांडण जुंपलं. १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली: १४ च्या आत कामाला पूर्ण बंदी, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या उद्योगात मदत चालते. १४ ते १८ ला फक्त धोकादायक कामांची बंदी. त्या यादीत खाणी आहेत, स्फोटकं आहेत. "अन् ऊस? कोयता पायावर बसतो तो धोका नाय का?" मुलांनी यादी तीनदा वाचून काढली. ऊसतोड काही सापडली नाही. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना काय होतं, हे त्यांच्यातल्या एकानं उभं राहून करून दाखवलं, आणि कोणीच हसलं नाही.

राज्य बालहक्क संरक्षण आयोगाला पत्र लिहायचं ठरलं. मसुदा मुलांचा, शुद्धलेखनही त्यांचंच राहू देणार.

शनिवार, १४ डिसेंबर

किल्लीचा निकाल लागला. व्यवस्थापन समितीत तीन आया ठाम राहिल्या. पेटीला दोन कुलपं: एक किल्ली मोठ्या सरांकडं, दुसरी सखी सावित्री समितीतल्या पालक बाईंकडं. महिन्यातून दोनदा उघडायची, दोन विद्यार्थ्यांसमोर, वहीत नोंद करून. पेटी ऑफिसच्या दारातून हलवून मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावली. मुलं म्हणाली, मुलांनी चिठ्ठी कशी टाकायची मग? रास्त आहे. दुसरी पेटी पाण्याच्या टाकीजवळ. आज पहिल्यांदा उघडली तर दोन चिठ्ठ्या निघाल्या. एकीत बसच्या वेळेची तक्रार. दुसरीबद्दल इथं लिहिणार नाही. तिचं काम त्याच दुपारी सुरू झालं.

वर्ग सुटताना नववीतल्या त्या ठराव-नंबरवाल्याचा फोन आला, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावरून. धाकट्या भावाला, पाचवीतल्या, तिथली शाळा घेत नाही. दाखला आणा म्हणतात. हमी कार्ड दाखवलं तर बाजूला सारलं. दादानं त्याला शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ फोनवर सावकाश वाचून दाखवलं: दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. त्यानं ते लिहून घेतलं. मग विचारलं, "दादा, अन् माझं? मी नववीत आहे."

त्याच्यासाठी जवळचं हायस्कूल शोधायला ताई बसलीये. सोमवारी सकाळी तो भावाला घेऊन शाळेत जाणार आहे, अर्जाच्या दोन प्रती घेऊन, एक पोच घ्यायला. नकार आला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना आम्ही इथून फोन करायचा. आयोगाच्या पत्राचा मसुदा पुढच्या वर्गात.